नाव घातलेला हंडा

गडहिंग्लजच्या बाजारात शिवलिंगअण्णांचं भांड्यांचं दुकान होतं. तिथं विक्रीला माणूस हवा होता, पण आलेल्याला पळवून लावण्यातच अण्णांना भारी गोडी. नसीमा मुजावर मुलाखतीला बसली तसं त्यांनी सुरू केलं, "उभं राहून पाय सुजतील. गिऱ्हाईक चाळीस भांडी वाजवून बघेल आणि एक चमचा घेऊन जाईल. तुला जमायचं नाही."

"बघू की, अण्णा."

अण्णांनी फळीवरून पितळी हंडा उतरवला. त्यावर कोरलं होतं, 'चि. सुलभा हिस लग्नानिमित्त.' लग्न मोडलं होतं आणि हंडा नऊ वर्षं दुकानातच पडून होता.

"संध्याकाळपर्यंत हा तुझ्या ताब्यात. पूर्ण किमतीला वीक, नोकरी तुझी. नाव मात्र खोडायचं नाही. आता सांग, नाव घातलेलं भांडं कोण घेतं?" अण्णा पोट धरून हसले.

नसीमानं नाव घालायचं मशीन ओढलं, सुलभाच्या नावाखाली सावकाश एक ओळ कोरली आणि हंडा दुकानाच्या पायरीवर नेऊन ठेवला.

समोरच्या चहावाल्यानं ती ओळ मोठ्यानं वाचली, "शिवलिंगअण्णांना हा नऊ वर्षांत विकता आला नाही."

बाजार गोळा झाला. अण्णा धोतर सावरत धावले आणि नाव झाकायला हंड्याला मिठी मारून बसले.

"आत ने हा," ते कुजबुजले.

"संध्याकाळपर्यंत माझ्या ताब्यात आहे, अण्णा."

तासाभरानं अण्णांनी एका हातानं हंडा धरून दुसऱ्या हातानं खिशातून पूर्ण किंमत काढली.

नसीमानं पावती फाडली. "मघाशी विचारलं होतं ना, नाव घातलेलं भांडं कोण घेतं? ज्याचं नाव असतं, तोच घेतो."