गुणाजी आणि सुगरणीच्या सूचना

एका गावात एक भोळा गुणाजी होता. गावाचं नाव शिरसवाडी. गुणाजीला सांगितलेलं तो ऐकायचा आणि ऐकलेलं तसंच्या तसं करायचा. इथवर कुणाची तक्रार नव्हती. पण एकदा शिकलेला धडा तो वाया जाऊ देत नसे. पुढचं जे काम हाती येईल, त्याला तो लावायचाच.

त्याच गावात वैजूताई राहायची. तिने वेबसाइट बांधायचं एक तयार सामान बनवलं होतं. त्याचं नाव ‘सुगरण’. संगणकाच्या काळ्या पडद्यावर एकेक आज्ञा टाइप केली की साइट काडीकाडीने उभी राहायची. आज्ञा कशा द्यायच्या त्याच्या सूचनाही तिने लिहिल्या होत्या. जाणते वाचून छान म्हणायचे. नवखा मात्र पहिल्याच पानावर अडखळायचा.

वैजूताईने ठरवलं, काहीच येत नसलेला माणूस बसवायचा. तो जिथे पडेल तिथे सूचनेत खड्डा आहे असं समजून तो बुजवायचा. असा माणूस कुठे मिळेल म्हणून तिने गावात विचारलं. सगळ्यांनी एकाच घराकडे बोट दाखवलं.

गुणाजीला नोकरी लागली आणि त्याच्या आईला आभाळ ठेंगणं झालं. पलीकडच्या वाडीच्या दाजीबांची मुलगी गुणाजीला पसंत होती, आणि मुलीलाही, देव जाणे कसा, गुणाजी पसंत होता. पण दाजीबा म्हणाले होते, पोराची नोकरी कायम झाली की सुपारी फोडू. वैजूताई म्हणाली, शेवटच्या पानापर्यंत पोचलास की कायम करते. तेव्हा सगळं त्या शेवटच्या पानावर येऊन ठेपलं.

पहिल्या पानावर प्रत्येक आज्ञेच्या आधी डॉलरची खूण होती. गुणाजीने विचार केला, आपण कागदावर काही लिहिण्याआधी श्री काढतो, तशी ही संगणकवाल्यांची श्री असणार. त्याने हात जोडून ती खूणही टाइप केली. संगणक म्हणाला, अशी आज्ञा नाही. गुणाजीने पुन्हा केली, जास्त भक्तिभावाने. संगणक काही प्रसन्न झाला नाही.

वैजूताईने समजावलं, ती खूण संगणक स्वतःच दाखवतो, तू आपलं पहिलं अक्षर सोडून पुढचं लिही. गुणाजीने धडा गाठीला बांधला.

पुढे संगणकाने त्याचं नाव विचारलं. गुणाजीने पहिलं अक्षर सोडून पुढचं लिहिलं. मग गाव विचारलं. तेही तसंच लिहिलं. साइट उभी राहिली. वर मोठ्या अक्षरांत आलं, ‘रसवाडीचे णाजी आपले स्वागत करीत आहेत.’

वैजूताई म्हणाली, अरे, गाळायचं काही नाही, दिसेल ते अक्षरन् अक्षर लिहायचं. गुणाजीने मान डोलावली.

पुढच्या आज्ञेत कंस होता आणि कंसात ‘इथे पानाचे नाव लिहा’ असं होतं. गुणाजीने अक्षरन् अक्षर लिहिलं. नवं पान तयार झालं, त्याचं नाव ‘इथे पानाचे नाव लिहा’. खाली आणखी मजकूर होता. ‘वरील आज्ञा समजली नसल्यास चहा पिऊन या,’ असं वैजूताईने गमतीने लिहिलं होतं. त्याने तेही टाइप केलं आणि चहा मात्र प्यायला नाही.

वैजूताईने कपाळ चोळलं. मग सगळ्या सूचना पुन्हा मांडल्या. आज्ञा चौकटीत घातल्या आणि सांगितलं, “कंसात असेल तिथे आपलं नाव घाल. चौकटीत असेल ते टाइप कर. चौकटीबाहेरचं नुसतं वाच.” हे खरंच सोपं झालं. तिचं तिलाही बरं वाटलं.

पुढच्या चौकटीत साइट चालू करायची आज्ञा होती. गुणाजीने दिली. साइट चालू झाली आणि संगणक गप्प बसला. चौकटीबाहेर लिहिलं होतं, एक काम संपल्याशिवाय पुढचं घेऊ नये. पण चालू झालेली साइट संपते कुठे? गुणाजी समोर बसून राहिला. भाकरीचं फडकं सोडलं नाही की जागा सोडली नाही. दिवेलागणीला वैजूताईने पाहिलं.

“अरे बाबा, तो गप्प बसला म्हणजे आत काम चालू असतं. त्याची वाट बघायची नाही. त्याने काही विचारलं तर हो म्हणायचं आणि पुढे जायचं.”

दुसऱ्या दिवशी गुणाजी शेवटच्या पानावर पोचला. तिथे चौकटीबाहेर लिहिलं होतं, ‘नवशिक्यांनी ही आज्ञा कधीही देऊ नये, सगळे पुसले जाईल.’ गुणाजीने ते नुसतं वाचलं. चौकटीत होतं, ‘सुगरण सर्व-पुसा’. गुणाजीने ते टाइप केलं.

संगणकाने विचारलं, नक्की पुसायचं? गुणाजीने हो लिहिलं. सूचनांसकट? हो. एकदा पुन्हा विचार कराल? गुणाजीने हो लिहिलं, डोळे मिटून एकदा पुन्हा विचार केला, आणि सगळं पुसून टाकलं. मग संगणक गप्प बसला. आत काम चालू आहे म्हणून गुणाजी समाधानाने पुढे गेला, म्हणजे घरी निघाला.

दारातच वैजूताईने गाठलं. ती आधी भडकली. मग तिला आठवलं की सगळ्याची एक प्रत घरी आहे. मग आठवलं की धोक्याची आज्ञा चौकटीत आपणच घातली. तिने त्याच्याकडे बघितलं.

“तुला काढून टाकू का रे?”

“हो.”

“मी काहीही विचारलं तरी हो म्हणणार का?”

“हो.”

वैजूताईला हसू आवरेना. याच्याइतके खड्डे कोण शोधून देणार? तिने त्याला तिथल्या तिथे कायम केलं.

गुणाजी घरी आला तर दाजीबा ओसरीवर चहा घेत होते. आई पदर सावरून दारात उभी होती.

“झाली का रं नोकरी कायम?” दाजीबांनी विचारलं.

“हो.”

आईने देवापुढे साखर ठेवली. दाजीबा खूश झाले. खुशीत माणूस थट्टा करतो.

“शहरी काम करतोस. दुसरी एखादी पोरगी बिरगी आहे का मनात?”

“हो.”

दाजीबांचा कप हवेतच राहिला.

“तिच्याशीच लगीन करायचंय व्हय?”

“हो.”

“कोण हाय ती?”

याला हो म्हणून भागत नव्हतं, आणि काय म्हणायचं ते ताईने सांगितलं नव्हतं. गुणाजी गप्प बसला.

दाजीबांनी कप खाली ठेवला आणि पायांत चपला सरकवल्या. पोरगा गप्प बसला म्हणजे आत काम चालू आहे, एवढं त्यांनाही कळत होतं.