कुंकवाचे पाच ठिपके

एका गावात एक सतारवाला होता. सतार झकास वाजवायचा, पण सतारीतलं त्याला काही म्हणजे काही कळायचं नाही!

झालं होतं असं. लहानपणी त्याची धाकटी बहीण आईची ओवी गायची, आणि हा सतारीच्या पडद्यांवर बोट फिरवत सूर शोधायचा. सापडला, की ती ओरडायची, "हाच, दादा, हाच!" मग त्या पडद्याशेजारी मेण लावून कुंकवाचा ठिपका द्यायची. असे पाच ठिपके. तेवढ्यावर याचं सगळं गाणं.

गावातले बोळके गुरुजी म्हणायचे, "अरे, सुरांची नावं शीक. पडदे ओळख."

"घास कधी तोंडाचा पत्ता विचारतो का, गुरुजी?" म्हणून हा खो खो हसायचा.

बहीण लग्न होऊन लांब नदीपार गेली. हा रोज संध्याकाळी ओट्यावर तीच ओवी वाजवायचा अन् वाटेकडे बघायचा. बारा वर्षांनी भाऊबीजेला ती आली. ओवाळणं होतंय न होतंय तोच हा सतार घेऊन बसला. "म्हण!"

तिनं सूर लावला, तो फाटला.

"गळा उतरला रे माझा, दादा. जरा खालून घे."

खालून? ठिपके तर होते तिथंच होते! त्यानं तार ढिली केली, ती नुसती भणभणली. बोट खाली नेलं, तर भलतंच वाजलं. घाम फुटला बिचाऱ्याला.

"राहू दे," ती हसून म्हणाली. "तू वाजव, मी ऐकते."

त्यानं ओवी वाजवली. शेजारी बसलेल्या बहिणीची त्याला जेवढी आठवण आली, तेवढी बारा वर्षांत आली नव्हती.

ती गेली, आणि हा गुरुजींच्या दारात उभा.

"काय रे, घासाला पत्ता सापडेना?" गुरुजी बोळकं पसरून म्हणाले. पण शिकवलं हो त्यांनी. कुठला पडदा कुठल्या सुराचा, एकापासून दुसरा किती लांब, सगळं. मग एके दिवशी यानं नखानं ते पाचही ठिपके खरवडून काढले.

पुढच्या भाऊबीजेला त्यानं "म्हण" म्हटलं नाही. विचारलं, "कुठून घेऊ?"

तिनं खालून, पार खालून सूर लावला. याची बोटं तिच्या मागोमाग गेली. ओवी पुरी झाली.

तिनं सतारीवरून हात फिरवला. "ठिपके कुठं गेले रे?"

"लहानपणीचा तुझा गळा मी तिथं चिकटवून ठेवला होता गं."

तात्पर्य: लांब गेलेलं माणूस परत येतं, ते आधीच्या जागी येत नाही. ते जिथं असेल तिथं त्याला गाठायचं, तर सगळे पडदे ओळखीचे हवेत.