समुद्राने परत केलेला नारळ

एकदा काय झाले, समुद्राने नारळ घेतला नाही.

असे कधी होत नाही, बरं का. श्रावणी पौर्णिमा आली की कोळी समुद्राला नारळ वाहतात, समुद्र तो आपल्या पोटात घेतो आणि मगच होड्या पाण्यात जातात. तळेखाडी गावात त्या वर्षी नारळाचा मान धर्मा तांडेलाचा होता. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य माणूस. तो कमरेइतक्या पाण्यात उभा राहिला. त्याने नारळ सोडला आणि हात जोडले. लाटेने नारळ उचलला, थोडा पुढे नेला आणि परत आणून त्याच्याच पुढ्यात ठेवला. त्याने तीन वेळा सोडला. तो तीन वेळा परत आला.

धर्माची बायको हौसा काठावर उभी होती. जाळी विणण्यात तिचा हात धरील अशी बाई त्या किनाऱ्यावर दुसरी नव्हती. तिने पाण्यात शिरून नारळ उचलला आणि कानाशी हलवला. आत पाणी वाजेना. मग तिने तो दगडावर फोडला. आत पाणी नव्हते, खोबरेही नव्हते. आत पापलेटाची पिल्ले होती. अंगठ्याच्या नखाएवढी, चांदीच्या टिकल्यांसारखी, आणि सगळी मेलेली.

ती पिल्ले कुठली, हे प्रत्येकाला ठाऊक होते.

त्याचे असे होते, बाळांनो. ते गाव कोलंबीवर जगे. होडीमागे पिशवीसारखे मोठे जाळे बांधायचे आणि ते समुद्राच्या तळावरून ओढीत न्यायचे. त्यात एक टोपली कोलंबी निघे, आणि तिच्यासोबत नऊ टोपल्या बारीकसारीक मासळी, पापलेटाची पिल्लेसुद्धा. या बारीक मासळीला ते कुटा म्हणत. कुटा वाळूवर पसरायचा, वाळवायचा आणि माडांच्या बुंध्याशी खत म्हणून घालायचा. हौसाने कित्येक वर्षे आपल्या हातांनी तो पसरला होता. पसरताना तिने कधी नीट खाली पाहिले नव्हते.

गावचे पाटील वृद्ध होते. ते म्हणाले, "आपलं ते दर्यानं आपल्याला परत दिलं. आता तो नारळ घेईस्तोवर एकही होडी खाडीबाहेर जायची नाही. अमावास्येपर्यंत बघू. नाहीतर चुली मोडायच्या नि घाटावर जायचं."

"घाटावर जाऊन काय करायचं, पाटील? डोंगरात जाळं टाकायचं?" मागून कोणीतरी विचारले. कोणालाही हसू आले नाही.

मग हौसा पुढे झाली. "पाटील, आमची एक होडी जाऊ द्या. कोलंबी तेवढी ठेवू, पिल्लं पाण्यात सोडू, आणि मग पुन्हा नारळ देऊ."

पाटलांनी तीन बोटे वर केली. "तीन फेऱ्या देतो, पोरी. चौथी मागायची नाही."

मग पहिली फेरी झाली. हौसा स्वतः होडीत बसली. जाळे वर येताच तिने भराभर पिल्ले निवडली आणि ओंजळीओंजळीने पाण्यात सोडली. पण ती पोहेनात. पांढरी पोटे वर करून तशीच तरंगत राहिली. जाळ्याच्या पोटात एकमेकांखाली दबून त्यांचा जीव केव्हाच गेला होता. संध्याकाळी नारळ सोडला. तो परत आला. जीव गेल्यावर सोडणे, याला सोडणे म्हणत नाहीत, बरं का.

मग हौसाने जाळ्याचे शेपूट, म्हणजे मासळी साठते ती मागची पिशवी, कापून टाकले आणि घरात होते नव्हते ते सारे सूत घेऊन नवे विणले. त्याची भोके तिने मुद्दाम मोठी ठेवली, दोन बोटे सहज जातील एवढी. चार दिवस ती धड जेवली नाही. काठावर पसरलेले जाळे पाहून धर्मा म्हणाला, "यातून तर पिल्लू नाचत बाहेर जाईल." मग दुसरी फेरी झाली. जाळे वर आले, तर कुटा होता तसाच! नारळही परत आला. अमावास्येला आता तीन दिवस उरले.

हौसाला काही उमजेना. भोके मोठी, मासा लहान, मग तो अडतो कुठे? तिने ते शेपूट उंडीच्या झाडाला टांगले आणि त्यात ओली वाळू भरली. भरता भरता तिचे हात थांबले. शंकरपाळ्यांच्या आकाराची ती भोके वजनाने लांब ओढली जात होती आणि मिटत होती. आता तुमचे डोळे मिटताहेत ना, अगदी तशीच.

तिची आई तसेच विणत आली होती. आईची आईसुद्धा. जाळे काठावर पाहायचे आणि चांगले म्हणायचे. भरल्यावर त्याचे काय होते, हे कोणी पाहिलेच नव्हते.

मग हौसाने जाळ्याचा एक कोपरा तिरका धरून ओढला. आता दोरे उभे आणि आडवे झाले, खिडकीच्या गजांसारखे. भोके चौकोनी झाली. तिने जोर लावला, तरी ती उघडीच राहिली.

पण असा तुकडा विणायला सूत उरले नव्हते. गावात कोणाकडेच नव्हते. घरात एकच जाळे उरले होते, तिच्या लग्नात आईने विणून दिलेले. त्या गावी मुलीला माहेरचे जाळे द्यायची रीत होती. ते कधी पाण्यात घालत नसत. सणाला त्याला हळदकुंकू लावीत. हौसाची आई आता या जगात नव्हती.

हौसाने कोयती घेतली. धर्माने तिचा हात धरला. "अगो, आयेची एवढीच आठवण हाय तुझ्यापाशी."

"गावच उठलं तर ती आठवण टांगू कुठं?" हौसा म्हणाली, आणि तिने ते जाळे तिरके कापले. कापताना तिला रडू आले नाही. कापून झाल्यावर आले.

मग धर्माने आपली युक्ती सांगितली. "मासा भ्याला की वर धावतो. कोलंबी तळ सोडीत नाही. हा तुकडा जाळ्याच्या पाठीवर लाव, पोटाला नको." हौसाने तसेच केले.

शेजारची भीमी येऊन पाहून गेली. "जाळ्याला खिडकी! हौसाबाय, एक दारही ठेव की. मासे कडी लावून जातील."

"ठेवीन," हौसा म्हणाली. "आधी खिडकीतनं किती जातात ते बघू दे."

अमावास्येला तिसरी फेरी झाली. होडी जाळे ओढू लागली आणि हौसा मागे वाकून पाहत राहिली. पुष्कळ वेळ काहीच दिसेना. मग हिरव्या पाण्यात चांदीचा धूर निघावा तसे काहीतरी वर आले. ती पिल्ले होती. जिवंत होती. खिडकीतून निघून इकडेतिकडे पांगत होती.

जाळे वर घेतले. कोलंबीची टोपली चार बोटे उणी भरली. कुटा मात्र नऊ टोपल्यांऐवजी दोनच. दोन तरीही होत्याच.

काठावर सारे गाव उभे होते. या खेपेला नारळ हौसाच्या हाती दिला. ती पाण्यात उतरली आणि म्हणाली, "दर्याराजा, खोटं नाही बोलणार. सगळी नाही सुटली. उरलेल्यांसाठी हात चालू ठेवीन." आणि तिने नारळ सोडला.

लाटेने तो उचलला. पुढे नेला. लाट थांबली. मग पुन्हा काठाकडे वळली. पाटलांनी डोळे मिटून घेतले. नारळ हौसाच्या गुडघ्यांपर्यंत आला, तिच्याभोवती एक फेरी फिरला आणि तिच्यासमोरच सरळ खाली गेला.

नारळ तरंगतो, हे तुम्हाला माहीत आहे. तो नारळ बुडाला.

दुसऱ्या दिवशी होड्या निघाल्या, घरोघरची माहेरची जाळी तिरकी कापून प्रत्येकीच्या जाळ्याला पाठीवर खिडकी लावूनच. मग समुद्रातली लेकरे मोठी झाली, गावातली लेकरे पोटभर जेवली आणि हौसाच्या मुलीला लग्नात खिडकीचे जाळे मिळाले. आता तुम्हीही निजा. निजलात, की तुम्हीही तेवढेच मोठे व्हाल.