महाराजांच्या हातची बाग

हरिणगडच्या मकरंदराजांनी होळी झाल्यावर सोनजी माळ्याला बोलावून हुकूम केला, की महालामागच्या ओसाड अंगणात अडीच महिन्यांत बाग फुलली पाहिजे. एवढ्यानं सोनजी घाबरला नसता, पण राजांनी दोन अटी घातल्या. एक, बाग स्वतः महाराजांच्या हातची असली पाहिजे, दुसऱ्या कोणाचाही हात तिला लागता कामा नये. आणि दोन, महाराजांच्या हाताला मातीचा कणसुद्धा चिकटता कामा नये.

याला कारण होते शेजारचे राजे. ते जेठात पाहुणे म्हणून येणार होते आणि त्यांनी म्हणे आपली बाग स्वतःच्या हातानं केली होती. हे ऐकल्यापासून मकरंदराजांना आपला महाल आपणच सजवायचा नाद लागला होता. आधी त्यांनी एक बाकडं केलं. सुताराला बाजूला उभं करून एकेक खिळा स्वतः ठोकला. दरबारानं बाकड्याची आठ दिवस स्तुती केली. नवव्या दिवशी राणीसाहेबांचे भाऊ त्यावर बसले आणि बाकड्यासकट जमिनीवर आले. राजांनी संतापून ते मोडकं बाकडं मागच्या खिडकीतून अंगणात भिरकावलं आणि सुताराला गावाबाहेर घालवलं. टिकलं असतं तर बाकडं महाराजांचं होतं. मोडल्यावर ते सुताराचं ठरलं.

बागेचंही असंच होणार, हे सोनजीला ठाऊक होतं. घरी येऊन तो गाव सोडायच्या तयारीनं भांडी गोळा करू लागला.

त्याची मुलगी गिरजा महालात राजांना फळं कापून द्यायच्या कामावर होती. तिनं बापाकडून दोन्ही अटी पुन्हा पुन्हा वदवून घेतल्या आणि भांडी परत फळीवर लावली. दुसऱ्या दिवशी तिनं राजांना विनंती केली, की उन्हाळा वाढतोय, तर दुपारची बैठक मागच्या खिडकीत घालावी, तिथं वारा बरा येतो. राजांना त्यात काही वावगं दिसलं नाही.

मग तिनं महालातल्या कोंबड्या अंगणात सोडल्या. त्यांनी आठ दिवसांत सगळी जमीन उकरून भुसभुशीत केली. वर खिडकीत राजे खरबूज खायचे आणि बिया बाहेर टाकायचे. आपण टाकलेली बी कुठं पडते हे त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. सकाळी गळ्यात पडलेला झेंडूचा हार दुपारपर्यंत सुकून टोचू लागला, की तोही ते खिडकीबाहेर टाकायचे. शेवटी गिरजा तांब्या पुढे करी आणि राजे खिडकीतूनच हात धूत.

संध्याकाळी ती अंगणात जाऊन बिया नि पाकळ्या पायानं मातीत दाबायची. सोनजीनं ते पाहिलं आणि तो धावत आला.

"अगं, कोणी तक्रार केली म्हणजे?"

"आबा, अटीत हात आहे. पायाचं कोणी काही बोललेलं नाही."

पण पहिल्या पंधरवड्यातलं सगळं बी कोंबड्यांनीच टिपून खाल्लं. गिरजाला रडू आलं. पंधरा दिवस फुकट गेले होते, आणि तीन पिढ्यांचं घर आता तिच्या हट्टापायी जाणार होतं. तिनं कोंबड्या हाकलल्या आणि राजांना सांगितलं, की खरबूज उन्हाळ्यात फार थंड असतं. राजे दुप्पट खाऊ लागले. पोट जड होतं अशी त्यांची कुरकुर असे, पण खात राहिले.

अंकुर आले तसं पाणी कमी पडू लागलं. तेवढ्यात आंबे आले. राजे आंबा चोखून खात, रस कोपरापर्यंत ओघळे. एकेका आंब्यामागे घागरभर पाण्यानं हात धुवावे लागत. त्या वैशाखात महाराजांचे हात जितके स्वच्छ होते तितके कधीच नव्हते.

जेठात पाहुणे आले आणि मागच्या खिडकीशी येऊन उभे राहिले. अंगणात झेंडू दाटून फुलला होता. मोडक्या बाकड्यावर खरबुजाचे वेल चढले होते आणि त्यांना लिंबाएवढी फळं धरली होती. पाहुण्या राजांनी विचारलं, की ही बाग कोणाच्या हातची?

मकरंदराजे इकडेतिकडे बघू लागले. आपण काही केल्याचं त्यांना आठवत नव्हतं. दिवाण त्र्यंबकपंतांनी लगेच सोनजीला पुढे ओढलं. माळ्यानं चोरून लागवड केली, अट मोडली, असं त्यांचं म्हणणं होतं.

गिरजा पुढे झाली. बी महाराजांनी टाकलं, फुलं महाराजांनी टाकली, वेलाला आधार महाराजांनी दिला, आणि पाणी महाराजांच्या हातावरूनच गेलं, असं तिनं शांतपणे सांगितलं. साक्षीला खिडकीतले हुजरे होते. त्यांना मान हलवावीच लागली.

"आणि तण?" दिवाण म्हणाले. "तण कोणी काढलं?"

"कोणीच नाही. वाकून बघा ना पंत, जागच्या जागी आहे."

दिवाणांनी वाकून पाहिलं. तण गुडघाभर होतं.

मकरंदराजांनी स्वतःचे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. मग त्यांनी गिरजाला विचारलं, "सगळं जर मीच केलं, तर अडीच महिने तू काय करत होतीस?"

"मी एवढंच पाहिलं महाराज," गिरजा म्हणाली, "की आपण बाग करताय हे आपल्याला कळू नये. कळलं असतं, तर बाग झाली नसती."

आधी पाहुणे राजे हसले. मग मकरंदराजे असे हसले, की त्यांना खिडकीच्या चौकटीला धरावं लागलं. हसू आवरल्यावर त्यांनी दिवाणांना तिथंच बसवून सनद लिहायला लावली. सोनजीचं राहतं घर आणि नदीकाठचं आमराईचं रान गिरजाच्या नावानं झालं, वंशपरंपरेनं.