ढगातला रातकिडा

फार पूर्वी एका डोंगरावर दगडांखाली रातकिडे बसत आणि माती ओली की कोरडी ते ढगाला कळवत. त्यावरून ढग दरडीचा इशारा देई. कुणी गप्प राहिलं, तर ढग त्याचं जुनंच उत्तर त्याच्याच आवाजात ऐकवी.

एकदा साळिंदरबाईच्या बिळात पाणी झिरपलं.

"ढगोबा, पिलांना हलवू का?"

"काय गं घाबरट! तुझ्या शेजारचा रातकिडा कोरडंच म्हणतोय."

रातकिड्याचा आवाज आला, पण दगडाखालून नाही, वरून ढगातून. साळिंदरबाईने त्याचा दगड उलटला. खाली तो कधीचा मरून पडला होता.

पिलांना घेऊन ती धावली आणि मागे दरड कोसळली.

"साळिंदरबाई, ठीक ना?" ढगाने विचारलं.

भीतीने तिला बोलवेना. तेव्हा वरून तिचाच आवाज आला, "बीळ छान उबदार आहे, ढगोबा."

पिलं आईच्या मिटलेल्या तोंडाकडे बघत राहिली.