परातीतले पाणी

फार दूरच्या एका थंड देशात, नदीच्या वळणावर एक दगडी गड होता. गडावर राजा नव्हता, राणी नव्हती. तिथे राहत होते धर्मयुद्धाची शपथ घेतलेले सरदार आणि त्यांचे सेवक. लग्न करायचे नाही, स्वतःचे म्हणून काही ठेवायचे नाही, वेळच्या वेळी प्रार्थना करायची आणि वेळ आली की तलवार उपसायची, असा त्यांचा पंथ होता. एकमेकांना ते बंधू म्हणत. संन्यास आणि लढाई एकाच गळ्यात कशी बांधायची, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक.

पंथाचे नियम पुष्कळ, आणि त्यांत जेवणाचा नियम सर्वांत कडक. पंगतीत कोणी अवाक्षर काढायचे नाही. एक म्हातारा बंधू उंच जागी उभा राहून धर्मग्रंथ वाचणार आणि बाकीच्यांनी खाली मान घालून जेवायचे. मीठ हवे असेल तर बोटांची चिमूट दाखवायची. पाणी हवे असेल तर अंगठा ओठाला लावायचा. बोललात की शिक्षा.

या गडाला शेजारच्या राजाने वेढा घातला होता. जमीन मुळात कोणाची, हा वाद आपण त्यांच्यावरच सोडू. राजाने गडासमोर एक अजस्र यंत्र उभे केले होते. एका बाजूला माती भरलेली मोठी पेटी, दुसऱ्या बाजूला लांबलचक दांडा आणि दांड्याच्या टोकाला गोफण. पेटी खाली आली की दांडा वर उसळे आणि वासराएवढा धोंडा गडाच्या भिंतीवर येऊन आदळे. सुटताना ते यंत्र हंबरल्यासारखा आवाज करी, म्हणून गडावरचे लोक त्याला म्हैस म्हणत. दिवस उजाडल्यापासून म्हैस सुरू होई. दुपारची घंटा झाली की मात्र ती थांबे, कारण ती चालवणाऱ्यांनाही पोट होते.

पण म्हशीपेक्षा मोठे भय जमिनीखाली होते. वेढा घालणारे लोक दुरून भुयार खणत येतात. बुरुजाच्या पायाखाली पोचले की वरच्या दगडांना लाकडी टेकू देतात आणि मग ते टेकू पेटवून देतात. टेकू जळाले की बुरुज बसतो. म्हणून पूर्वेच्या बुरुजाच्या तळघरात पाण्याने भरलेली एक परात ठेवलेली असे. खाली कुदळ चालली तर पाण्यावर तरंग उठतात. म्हैस धोंडे टाकत असली की पाणी हलायचेच, त्यामुळे खरी पारख व्हायची ती म्हैस थांबल्यावर, दुपारच्या घंटेला. परातीवर नजर ठेवण्याचे काम वोल्मार नावाच्या सेवकबंधूकडे होते.

वोल्मार कामाला चोख होता, पण मनाने हळवा. पाच आठवड्यांपूर्वी एका दुपारी त्याला पाणी हलताना दिसले होते. तो धावत जेवणघरात गेला आणि भर पंगतीत ओरडला, "सुरुंग! सुरुंग!" सगळे ताटांवरून उठले. दिवस मावळेपर्यंत सगळ्यांनी खणले. खड्ड्यातून एक उंदीर निघाला आणि तुरुतुरु पळून गेला. मग कळले, की शेजारच्या कोठारात आचाऱ्याने पिंपे गडगडवली होती. डोंगर पोखरून उंदीर काढणे म्हणतात, ते या लोकांनी खरोखरच करून दाखवले.

मग काय विचारता! किल्लेदार हार्टविग मोठ्याने हसला, म्हणून एकजण सोडून सगळे हसले. हसून झाल्यावर त्याने शिक्षा सुनावली. मौन मोडले म्हणून वोल्मारने सहा आठवडे जमिनीवर बसून जेवायचे, आणि कुत्र्यांनी ताटात तोंड घातले तरी त्यांना हाकलायचे नाही.

"आणि पुन्हा अशी खोटी हाक दिलीस," हार्टविग म्हणाला, "तर अंगावरची कफनी उतरवून दरवाज्याबाहेर काढीन."

दरवाज्याबाहेर राजाची फौज होती. बाहेर काढणे म्हणजे काय, ते कोणी समजावून सांगायला नको होते.

शिक्षेचे थोडेच दिवस उरले होते. एका दुपारी घंटा झाली. म्हैस थांबली. वोल्मार तळघरात उतरला आणि परातीवर वाकला. पाणी थरथरत होते.

तो धावत कोठारात गेला. पिंपे जागच्या जागी होती. तबेल्यात घोडे उभ्या उभ्या पेंगत होते. तो परत आला. पाणी अजून थरथरत होते, अगदी बारीक, पाहणाऱ्याला आपलेच डोळे फसवतात असे वाटावे इतके. बुरुजाच्या आडोशाला आसपासच्या खेड्यांतली दीडशे माणसे राहत होती. बायका, म्हातारेकोतारे, तान्ही मुले. त्यांच्या चुलींचा धूर तळघराच्या झरोक्यातून आत येत होता.

जेवणे आटोपल्यावर तो हार्टविगकडे गेला. आता मौन नव्हते, बोलायला मोकळीक होती.

हार्टविगने त्याला पाहिले आणि डोळे मिचकावले. "काय वोल्मार, आज पुन्हा उंदीर सापडला वाटतं?"

जवळ उभे असलेले दोघे तिघे फिदीफिदी हसले. किल्लेदार काही दुष्ट नव्हता. कंटाळलेल्या माणसांना थोडे हसवावे, एवढेच त्याच्या मनात होते. पण वोल्मारच्या ओठावर आलेले शब्द परत फिरले.

"नाही महाराज," तो म्हणाला. "विहिरीच्या रहाटाला नवा दोरखंड हवा होता."

"घे की," हार्टविग म्हणाला.

वोल्मार दोरखंड घेऊन निघाला. तो खांद्यावर टाकून दिवसभर फिरला, कारण त्याचे काय करावे हे त्याला कळेना. म्हैस पुन्हा सुरू झाली होती आणि परातीत आता काहीच ओळखू येत नव्हते. तो स्वतःची समजूत घालत राहिला. वारा असेल. नदीचा ओघ असेल. उद्या पाहू.

दुसऱ्या दिवशी घंटेनंतर त्याने फरशीला कान लावला. धप्, धप्, धप्. कुदळ म्हणावी तर तसे वाटे, आणि आपलीच छाती म्हणावी तर तसेही. घाम फुटला की छाती आणखी जोरात उडे आणि मग काहीच कळत नसे. तो उठून जेवणघरात आला आणि दाराशी आपल्या जागी जमिनीवर बसला. जवळच्या बाकावर डीट्स होता. डीट्स त्याचा मित्र, उंदराच्या वेळी हसला नव्हता असा एकटाच. वोल्मारने त्याची कफनी ओढली. जमिनीकडे बोट केले. मग दोन्ही हातांनी खणण्याची खूण केली.

डीट्सने मान डोलावली आणि त्याच्या ताटात एक मोठा सलगम ठेवला.

वोल्मारने पुन्हा खूण केली. डीट्सने आणखी एक सलगम दिला आणि आता माझ्याकडे नाही अशा अर्थाने हात झाडले. पंथाने मिठासाठी खूण ठरवली होती, माशासाठी ठरवली होती, जमिनीतून खणून काढायच्या कंदासाठी ठरवली होती. मरण जवळ आले आहे हे सांगायला खूण नव्हती. जेवणानंतर डीट्सला बाजूला घेऊन सांगावे असे वोल्मारच्या मनात आले. पण तोही हसला तर? गडावर हसला नव्हता असा एकच माणूस होता. तो गमवायची वोल्मारला हिंमत झाली नाही. ते दोन सलगम कुत्र्यांनी खाल्ले.

त्या रात्री तो क्षणभरही झोपला नाही. सांगावे तर दरवाज्याबाहेर, न सांगावे तर सगळेच मातीखाली. आणि समजा, पुन्हा उंदीरच निघाला तर?

तिसऱ्या दुपारी घंटा झाली. वोल्मारने फरशीला कान लावला आणि श्वास रोखला. खालून आवाज आला. कुदळीचा नव्हे, माणसाचा. पायाखाली हात-दोन हातांवर कोणीतरी खोकले.

आता शंका राहिली नाही. तो पायऱ्या चढून धावला. जेवणघरात म्हातारा वाचक संथ सुरात वाचत होता आणि सगळे मान खाली घालून जेवत होते. वोल्मार दारात उभा राहिला.

"खाली माणसं आहेत!" तो ओरडला.

वाचक थांबला. कोणीतरी खुदकन हसले. हार्टविगच्या कपाळावर आठी पडली आणि तो उठू लागला.

"मला बाहेर काढा महाराज," वोल्मार म्हणाला, "पण आधी बुरुजाखालची पोरंबाळं काढा!"

हार्टविगने त्याच्या तोंडाकडे पाहिले. मग तो स्वतः तळघरात उतरला, गुडघ्यांवर बसला आणि फरशीला कान लावला. तो उठला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता.

मग गडावर एकच धावपळ उडाली. बायकामुलांना पश्चिमेच्या अंगणात हलवले. बुरुजामागे ओंडके, पिंपे, बाक, हाताला येईल ते रचून दुसरी भिंत उभी करू लागले. समोरून खणून भुयार गाठता आले तर बुरुजच वाचेल, म्हणून डीट्स कुदळ घेऊन तळघरात उतरला. पण वेळ उरला नव्हता. उन्हे कलली आणि फरशीच्या फटींतून धूर येऊ लागला. वोल्मारने झरोक्यातून हाका मारल्या, "डीट्स, वर ये! वर ये रे!"

बुरुज आधी थोडा कलला. मग थकलेला माणूस मटकन बसावा तसा तो खाली बसला. डीट्स वर आला नाही.

धुळीतून राजाची माणसे धावून आली, पण मागे ओंडक्यांची भिंत उभी होती. संध्याकाळपर्यंत झुंज झाली आणि ती माणसे मागे फिरली. गड वाचला.

दगडांच्या ढिगाशी हार्टविगने वोल्मारला गाठले. "कधीपासून ऐकू येत होतं?"

"परवापासून पाणी हलत होतं."

"परवा सांगितलं असतंस तर खणून त्यांना वाटेतच गाठलं असतं. बुरुज राहिला असता. डीट्स राहिला असता."

"होय, महाराज."

"परवा तर तू माझ्याकडे आला होतास."

"आलो होतो."

"आणि दोरखंड मागितलास!"

वोल्मारला रडू फुटले. "तुम्ही उंदराचं विचारलंत," तो म्हणाला. "मग सगळे हसले. पुढचं माझ्या तोंडून निघालंच नाही."

हार्टविग वाकला आणि ढिगातले दगड उपसू लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला बसले. वाचकाने ग्रंथ उघडला. तेवढ्यात हार्टविग उभा राहिला आणि पंथाच्या इतिहासात कधी घडले नव्हते ते घडले. किल्लेदार भर पंगतीत बोलला.

"दोन दिवस एक माणूस गप्प राहिला. त्याचं तोंड मी बंद केलं होतं, आणि तुम्ही हसून मला हातभार लावलात. आता विचारतो. आणखी कोण काय दाबून बसलंय? आज इथे कोणी हसणार नाही."

मग आचारी उभा राहिला. "खालच्या थरातला गहू भिजलाय, महाराज. बुरशी आलीय. तीन आठवडे झाले."

दरवाज्यावरचा बंधू म्हणाला, "अडसराला मधोमध चीर आहे. मी वरून डांबर फासलं."

कोणी म्हणाले, नदीकडच्या पहाऱ्यावर मला डुलकी लागते, दुसरा माणूस द्या. कोणाच्या हाताची जखम चिघळली होती आणि त्याला धनुष्य ओढता येत नव्हते. एकामागून एक माणसे उठू लागली. शेवटी उंच जागेवरून म्हातारा वाचक म्हणाला, "मला अक्षरं दिसत नाहीत. दोन महिने पाठ आहे तेवढंच म्हणतोय."

इतर वेळी गड हसून हसून लोळला असता. आज कोणाच्या ओठाचा कोपराही हलला नाही. हार्टविगने टेबलाची कड घट्ट धरली होती. गडाच्या पायाखाली एकच भुयार आहे अशी त्याची समजूत होती. त्याने प्रत्येकाचे ऐकून घेतले, आणि जेवण गार झाले.

त्याच दुपारी अडसर बदलला. चार दिवसांनी राजाच्या लोकांनी दरवाज्यावर ओंडक्याने धडका दिल्या, तेव्हा नवा अडसर टिकला. पुढे थंडी वाढली, नदी गोठली आणि राजा तंबू गुंडाळून निघून गेला.

वोल्मारला कोणी शिक्षा केली नाही. पण डीट्सची आठवण आली, की त्याला तो खांद्यावर दोरखंड टाकून फिरलेला दिवस आठवे आणि तोंडातला घास खाली उतरत नसे.

तात्पर्य: सावध करणाऱ्याची एखादी हाक खोटी ठरली तर ती पोटात घालावी; जो तिची थट्टा करतो, त्याला पुढची खरी हाक वेळेवर ऐकू येत नाही.