गोड्या पाण्याचा हंडा

पुष्कळ जुन्या काळची गोष्ट आहे, खाडीवर पूल नव्हता तेव्हाची. खाडीच्या काठी मीठ पिकवणाऱ्या ख्रिस्ती लोकांचे एक गाव होते. गावात लहानसे चर्च होते आणि तिथे एक धर्मगुरू होता. तो बोलू लागला की पलीकडच्या तीरावरचे लोकही होड्यांत बसून ऐकायला येत. क्षमेवर तर तो इतके सुंदर बोलायचा की बायका पदर डोळ्यांना लावत आणि पुरुष वर छताकडे बघत राहत.

पण या धर्मगुरूला एक तळमळ होती आणि ती त्याने कोणाला सांगितली नव्हती. लहानपणी तो प्रार्थनेला बसला की प्रभू येशू आपल्या शेजारी येऊन बसला आहे असे त्याला वाटायचे, अगदी खांद्याला खांदा लागावा इतका जवळ. पुढे तो शिकला, जाडजूड ग्रंथ वाचले, शब्द वाढत गेले, आणि ती सोबत कधी सुटली ते त्याला कळले नाही. आता रोज पहाटे तो गुडघे टेकायचा आणि म्हणायचा, "प्रभू, एकदा ये. पूर्वीसारखा." शेजारची जागा रिकामीच राहायची.

त्याला एक थोरला भाऊ होता. भाऊ मिठागरात राबला म्हणून धाकटा शिकला. पण आई अखेरच्या दुखण्यात पडली आणि भावाने निरोप धाडला, तेव्हा हा पलीकडच्या तीरावर प्रवचनाला गेला होता. "उद्या येतो," असे त्याने कळवले. दुसऱ्या दिवशी आला, तर आईला माती देऊन झाली होती. तेव्हापासून भाऊ त्याच्याशी बोलला नाही, चर्चमध्येही आला नाही. मिठागराच्या बांधावर खोपट बांधून एकटा राहिला. धर्मगुरूला वाटायचे, जावे, माफी मागावी. मग वाटायचे, तो हाकलून देईल. मग वाटायचे, आधी नीट शब्द जुळवावेत. अशी वर्षे गेली.

त्या गावात एक चाल होती. प्रभूने मरणाच्या आदल्या संध्याकाळी आपल्या शिष्यांचे पाय धुतले. त्याची आठवण म्हणून दरवर्षी त्या गुरुवारी धर्मगुरू गावातल्या बारा जणांचे पाय धूत असे. निवड होणे हा मोठा मान. पण मानकऱ्यांना आपल्या पायांचा इतका संकोच वाटे की ते आठवडाभर आधीपासून घरी वजरीने टाचा घासत आणि खोबरेल चोळत. त्यामुळे पाय धुऊन झाले तरी घंगाळातले पाणी नितळच राही. त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे.

एका वर्षी ऐन गुरुवारी दुपारी बारावा मानकरी माडावरून पडला. आता आयत्या वेळी कोणाला बोलवायचे, अशी चर्चच्या ओट्यावर चर्चा सुरू झाली.

एक म्हातारी म्हणाली, "पाद्रीबाबा, तुमच्या दादाला विचारा की. पाय चिघळलेत म्हणे त्याचे. खोपटाबाहेर पडत नाही."

"त्याचे पाय?" एक मानकरी म्हणाला. "मग घंगाळ नाही पुरायचं. अख्खी खाडी लागेल."

सगळे हसले. धर्मगुरूही हसला. हसू ओठांवर असतानाच त्याला कळले की आपण कोणाला हसलो. तो उठला आणि बांधाच्या वाटेला लागला.

भाऊ खोपटात कुडाला टेकून बसला होता. मिठाने त्याचे तळवे फाटले होते आणि भेगांत चिखल भरून त्या सुजल्या होत्या.

"कोण मेलं?" त्याने विचारले.

"कोणी नाही, दादा. आज गुरुवार आहे. पाय धुवायला चर्चमध्ये चल. मी पाठीवर घेतो तुला."

"एक माणूस कमी पडलाय वाटतं."

धर्मगुरूने मान खाली घातली. "हो."

"बारा भरायला मी नाही यायचा. धुवायचेच असतील तर इथं धू."

इतक्यात चर्चची घंटा वाजली. होड्या लागल्या असतील, लोक जमले असतील. "दादा, माणसं खोळंबलीत रे. उद्या येतो," त्याच्या तोंडून निघून गेले.

भावाने तोंड कुडाकडे फिरवले.

धर्मगुरू दारापर्यंत गेला आणि तिथेच उभा राहिला. घंटा वाजतच होती. मग तो परत आत आला.

"पाणी कुठं आहे?"

"मडक्यात आहे, पण ते प्यायचं. आणि खाडीचं घालशील तर आग होऊन जीव जाईल माझा."

गोड्या पाण्याची विहीर एकच होती, चर्चच्या अंगणात. लोकांनी पाहिले की त्यांचा पाद्री लांब झग्यासकट विहिरीवर वाकून पाणी शेंदतो आहे.

"प्रवचन कधी सुरू?" मानकऱ्याने विचारले.

"आज नाही," तो म्हणाला आणि हंडा खांद्यावर घेऊन बांधावरून निघाला.

"मग आम्ही टाचा कशाला घासल्या?" मागून कोणीतरी म्हणाले.

खोपटात तो जमिनीवर बसला. पाणी आधी गढूळ झाले, मग तांबूस. भाऊ कण्हत होता, मधूनच करवादत होता. "हळू जरा. पुस्तकाची पानं नाहीत ती."

इतकी वर्षे जुळवलेल्या शब्दांतला एकही शब्द धर्मगुरूला आठवेना. "मी यायला हवं होतं," एवढेच तो म्हणाला.

भाऊ म्हणाला, "आई शेवटी तुझंच नाव घेत होती. सारखी दाराकडे बघायची. मी तुला सांगितलं नाही. मुद्दाम."

तो ओला पाय मांडीवर तसाच धरून धर्मगुरू रडला. भावाने हात पुढे केला, मागे घेतला, आणि मग त्याच्या डोक्यावर ठेवला.

पलीकडच्या तीरावरचे लोक त्या दिवशी चिडून परतले. पुढे त्यांतले पुष्कळ जण आलेच नाहीत. भावाचे पायही पुरते बरे झाले नाहीत. पण रोज दिवस कलला की धर्मगुरू हंडा घेऊन बांधावरून जाताना दिसू लागला, आणि खोपटातून दोघांचे बोलणे, कधी भांडणे, ऐकू येऊ लागले.

पुष्कळ दिवसांनी त्याने आपली जुनी तळमळ त्या म्हातारीला सांगितली. तिने विचारले, "मग त्या गुरुवारी खोपटात आला होता का प्रभू तुमच्या शेजारी?"

धर्मगुरूने आठवून पाहिले.

"ठाऊक नाही, आजी. मी दादाच्या पायांकडे बघत होतो. शेजारी बघायचं राहूनच गेलं."

लहानांनी आणि थोरांनीही या गोष्टीतून घ्यायचे ते इतकेच: प्रीती आणि क्षमा सांगून पुरी होत नाही, ज्याच्याशी आपले चुकले त्याच्या दारी जाऊन ती करावी लागते.